तरवडाच्या फुलांचा चहा

मुंग्यांची रांग न्हाणीच्या मागच्या भिंतीतून निघत होती, लिंबाच्या बुंध्याला वळसा घालत होती आणि कोपऱ्यातल्या ओल्या मातीपाशी संपत होती. रांग बोटभर रुंद होती. विमलबाईंनी पातळ गुडघ्याशी आवरून धरलं आणि उकिडव्या बसून त्या पाहत राहिल्या. तिथून चार हातांवर बायकांची जागा होती. तिथली मातीही ओली होती, पण तिकडे एकही मुंगी फिरकत नव्हती. पलीकडच्या खरकट्याच्या खड्ड्याकडेही कुणी वळत नव्हतं. साऱ्या मुंग्यांना त्या एकाच कोपऱ्याचं काम होतं, आणि त्या कोपऱ्यात लघवीला घरातलं एकच माणूस जात असे, त्यांचे थोरले दीर.

"काय व विमल, काय सांडलं तुह्यं?" मागून रुख्मिणीबाईंनी विचारलं. "कानातलं पडलं काय?"

"नाही. काही नाही."

"मंग ऊठ ना बाई. थे पातेलं उकळून राह्यलं. तुह्यं तूच पाय, मले त्या फुलाइतलं काई समजत नाई."

रुख्मिणीबाई थोरल्या जाऊबाई. धाड गावातलं घर आणि शेती त्या आणि त्यांचे यजमान उकंडराव पाहत. विमलबाईंचे यजमान महादेवराव बुलढाण्याला कचेरीत होते आणि विमलबाई तिथल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. आज सकाळच्या एसटीने त्या एकट्याच आल्या होत्या. गावातल्या महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा या घराच्या अंगणात होतं. वाण म्हणून तरवडाच्या वाळलेल्या फुलांची पुडी द्यायची, आलेल्या प्रत्येकीला त्याच फुलांचा चहा पाजायचा, आणि या चहाचे गुण विमलबाईंनी सांगायचे, असं ठरलं होतं.

चुलीवरच्या पातेल्यात पिवळी फुलं वरखाली होत होती. तरवडाचं फूल उकळलं की पाण्याला आधी हळदीचा रंग येतो आणि मग तो काळपट होत जातो. विमलबाईंनी पळी फिरवली, चव घेतली. कडसर, तुरट. बडीशेपेची चिमूट टाकली. हे सगळं त्यांचे हात आपोआप करत होते.

"जाऊबाई," त्या पातेल्याकडे पाहतच म्हणाल्या, "रविवारची बाटली कोण भरून देतं?"

"कोनती? थे?" रुख्मिणीबाईंनी पदर तोंडाला लावला आणि हसल्या. "म्या तं हातच नाई लावत बाप्पा. शालिग्राम आणून देते, म्या फडक्यात गुंडाळून कंडक्टरपाशी देते. त्याले सांगून ठेवलं, जांभळाचा शिरका हाय म्हनून. एक दिवस पिऊन घेईन मेला!"

विमलबाई हसल्या नाहीत. पळी पातेल्याच्या काठावर आडवी ठेवून त्यांनी झाकण टाकलं.

दीड वर्षापूर्वी उकंडरावांना बुलढाण्याच्या दवाखान्यात साखरेचा आजार निघाला होता. गोळ्या सुरू झाल्या. उकंडरावांना गोळीचा तिटकारा. कुणीतरी त्यांना तरवडाच्या फुलांचा काढा सांगितला. अशा गोष्टी ऐकून सोडून देण्यापेक्षा तपासून पाहाव्यात, असं विमलबाईंनीच घरात म्हटलं होतं. उकंडराव आणि गावातल्या तिघी बायका असे चौघे जण त्यांनी निवडले. चौघांनी साखरेचा चहा सोडून फुलांचा चहा घ्यायचा, दर रविवारी लघवीची बाटली पाठवायची. सोमवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत विमलबाई बेनेडिक्टचं निळं द्रावण नळीत घेत, त्यात आठ थेंब टाकत आणि नळी दिव्यावर धरत. साखर असली की रंग बदलतो. थोडी असली तर हिरवा, मग पिवळा, नारिंगी, आणि पुष्कळ असली तर विटेसारखा लाल.

तिघी बायकांच्या नळ्या पहिल्या दिवशी लाल होत्या आणि सहा आठवड्यांनीही लालच राहिल्या. उकंडरावांची पहिली नळी लाल झाली. ती बाटली त्यांनी बुलढाण्याला येऊन महादेवरावांच्या हाती दिली होती. दुसरी बाटली धाडहून आली. ती निळीच राहिली. तिसरीही निळी, आणि त्यानंतर आजवर दर रविवारी आलेली प्रत्येक.

मधे हिरवा नाही, पिवळा नाही. आठ दिवसांत लालचं एकदम निळं. असं होत नाही, हे त्यांना त्याच सोमवारी कळायला हवं होतं. कळलंही होतं. त्यांनी नळी दोनदा उजेडात धरली होती आणि मग धुऊन ठेवून दिली होती.

पुढे जिल्ह्याच्या शेती प्रदर्शनासाठी त्यांनी तक्ता केला. त्यावर चार नळ्या रंगवल्या: लाल, नारिंगी, हिरवी, निळी. मधल्या दोन नळ्या त्यांनी पाहिलेल्याच नव्हत्या, पण चार असल्या की पाहणाऱ्याला नीट समजतं. तिघी बायकांना तक्त्यावर जागा उरली नाही. तक्त्याला बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, आणि उकंडरावांनी गोळ्या बंद केल्या. बंद करा असं विमलबाई कधी म्हणाल्या नव्हत्या. करू नका, असंही म्हणाल्या नव्हत्या.

गोठ्यात शालिग्राम कडबा तोडत होता. बारा वर्षं तो या घरी सालदार होता.

"शालिग्राम, रविवारची बाटली मालक तुझ्याकडे देतात?"

"हाव."

"भरलेली देतात?"

विळा थांबला. शालिग्रामने डोक्याचं मुंडासं काढलं, पुन्हा बांधलं.

"मालकायले नोका सांगू, बाईसाहेब."

"नाही सांगत."

"मालक म्हने, भावसून माह्यापुढं डोक्यावर पदर घेते, कधी समोर उभी नाई राह्यली, अन तिच्या हाती म्या असलं काई धाडू काय बे? मले मेल्यावानी होते. तूच दे तुह्यं. पान्यासारखं पानी, त्यात काय फरक हाय." त्याने मान खाली घातली. "मालकाचा हुकूम. म्या देत गेलो."

"कधीपासून?"

"इकून पहिली बाटली गेली तवापासून." मग जरा थांबून, आवाज उतरवून त्याने विचारलं, "काऊन बाईसाहेब, माह्यात काई निंघालं काय?"

"नाही. तू ठणठणीत आहेस."

शालिग्रामचा चेहरा उजळला. तो पुन्हा कडबा तोडू लागला. विमलबाई हौदावर गेल्या आणि हात धुतले. हाताला काही लागलेलं नव्हतं, तरी त्यांनी ते राखेने घासले आणि पुन्हा धुतले.

उकंडराव आतल्या खोलीत खाटेवर बसले होते, उजवा पाय समोरच्या पाटावर. रुख्मिणीबाई अंगठ्याला हळद-तेलाची पट्टी बांधत होत्या. विमलबाई चौकटीच्या अलीकडे, अर्ध्या भिंतीआड उभ्या राहिल्या. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. भासरे, म्हणजे थोरले दीर, खोलीत येण्याआधी खाकरत, भावसून पदर पुढे ओढून आत जाई, आणि काही बोलायचंच झालं तर ते तिसऱ्याच्या तोंडून बोललं जाई. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. महादेवरावांच्या शिक्षणासाठी ज्या माणसाने स्वतःची शाळा सोडली, त्याच्याशी विमलबाई आजवर एक शब्दही थेट बोलल्या नव्हत्या.

"जाऊबाई, विचारा ना, ही जखम किती दिवसांची आहे."

"ऐकलं काय? किती दिवस झाले म्हनते."

"सांग तिले, पंधरा-वीस रोज झाले. नवा जोडा घासला."

"दुखतं का?"

"दुखते काय?"

"सांग, दुखत नाई. दुखलं असतं तं ध्यान देल्लं असतं."

विमलबाईंनी चौकटीआडून पाहिलं. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं आणि काळेपणा नखाखाली थांबलेला नव्हता.

"त्यांना सांगा..."

रुख्मिणीबाई पट्टीची गाठ धरून थांबल्या. "काय सांगू?"

जे सांगायचं ते रुख्मिणीबाईंच्या तोंडून जाणार होतं. बाटलीची गोष्ट नवऱ्याला बायको सांगणार, आणि ती ऐकून तो माणूस त्या खाटेवर कसा बसून राहील, ते विमलबाईंना दिसलं.

"काही नाही. आज तीळगूळ खाऊ नका म्हणावं."

उकंडराव मोठ्याने हसले. "सांग तिले, आता कायची भीती? तिच्याच नळीत निळं निंघालं. साऱ्या धाडात सांगून राह्यलो म्या, डॉक्टर बसले खाली, माही भावसून त्याइच्या वर हाय." मग हसू जरा ओसरलं. पायाच्या पट्टीकडे पाहत ते म्हणाले, "अन तिले म्हन, आज चांगलं बोल. तुह्या नावानं लोक येऊन राह्यले."

चार वाजता अंगणात सतरंज्या अंथरल्या गेल्या. चाळीस-पन्नास बायका दाटीवाटीने बसल्या. ओसरीवर पुरुषमंडळी होती. उकंडराव मधोमध खुर्चीवर, पट्टीचा पाय धोतराखाली झाकून. प्रदर्शनातला तक्ता खांबाला टांगला होता. मंडळाच्या अध्यक्षीण अन्नपूर्णाबाई हातात पुड्यांचं सूप घेऊन फिरत होत्या.

"घ्या व, घ्या! अन घरी नेऊन म्हशीले नोका चारू."

बायका हसल्या. विमलबाई कुंकवाचा करंडा घेऊन पहिल्या ओळीशी वाकल्या. तिथे तानुबाई बसली होती, त्या तिघींपैकी एक. तिने कपाळ पुढे केलं, पण जरा बाजूला; विमलबाई नेमक्या कुठे आहेत ते तिला दिसत नव्हतं.

"विमलबाईच ना तुम्ही?"

"हो."

"बाई, माह्या नळीचा रंग काऊन नाई बदलला व?" तानुबाईने हळूच विचारलं. "तुम्ही तवा म्हनलं, गूळ टाकत असशीन. देवाशप्पथ नाई टाकला. मले वाटलं सून टाकते चोरून. लय भांडली म्या तिच्यासंग. पोरगी माहेरी गेली दोन महिने."

विमलबाईंचं बोट कुंकवात होतं. त्यांनी टिळा लावला. तो वाकडा लागला. पदराच्या टोकाने पुसून त्यांनी पुन्हा लावला.

"अजून पिता तो चहा?"

"पेतो ना बाई. डोळे धुरकट झाले, पन पेतो. माहंच काई चुकत असन."

अन्नपूर्णाबाईंनी टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं. विमलबाई तक्त्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. वर्गात उभं राहायची त्यांना सवय होती. त्यांनी हात एकमेकांत गुंतवले आणि सुरुवात केली.

"तरवडाच्या फुलांचा चहा उन्हातून आल्यावर घेतला तर तहान भागते. दिवसाला सात-आठ कप गोड चहा पिण्यापेक्षा तो कधीही बरा. गुलाबाची पाकळी, जास्वंद टाकली तर चवीला चांगला लागतो. एवढं मी खात्रीने सांगू शकते."

त्या थांबल्या. बायका पुढचं ऐकायला वाट पाहत राहिल्या.

"अन साखरेच्या बिमारीचं सांगा ना, बाई!" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "थेच तं ऐकाले आलो आम्ही. हे मालक पाहा ना, जित्तं-जागतं उदाहरन!"

ओसरीवर कुणीतरी "हाव, हाव" म्हणालं. उकंडराव खुर्चीत सरळ झाले. फाटकाशी उभा असलेला शालिग्राम दुसरीकडे पाहू लागला.

विमलबाईंनी गुंतवलेले हात सोडवले.

"तानुबाई, तुमचं काही चुकलं नाही. तुमच्या सुनेचंही नाही. तुमची साखर या चहाने उतरली नाही, बाकी दोघींचीही उतरली नाही, आणि ते मला वर्षाहून जास्त काळ माहीत आहे. मी ते या तक्त्यावर लिहिलं नाही. तुम्हाला मात्र गुळाचं नाव सांगितलं."

तानुबाईने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

विमलबाईंनी डोक्यावरचा पदर नीट पुढे घेतला आणि ओसरीकडे वळल्या. रुख्मिणीबाई सवयीने उठून मधे यायला लागल्या. विमलबाईंनी हाताने त्यांना थांबवलं. उकंडरावांच्या दोन्ही मुठी खुर्चीच्या हातांवर आवळल्या होत्या. त्यांना काय ऐकावं लागणार याची भीती त्यांच्या चेहऱ्यावर उघडी दिसत होती, आणि ती भीती आजाराची नव्हती, बाटलीची होती.

"दादा," विमलबाई म्हणाल्या. त्या ओसरीच्या दिशेने एक पाऊल पुढे आल्या. त्यांनी पुन्हा म्हटलं. "दादा, तुमची साखर गेलेली नाही. तपासण्यात चूक झाली, ती माझी. दुसऱ्या कुणाची नाही. उद्या पहिल्या गाडीनं तुम्ही माझ्याबरोबर दवाखान्यात चला. तानुबाईंनाही घेऊन जाऊ. डॉक्टरांना काय झालं ते मी सांगते."