जास्तीची पिशवी

दोन वूफरची पेटी तयार झाली की ती गाडीच्या डिकीत बसवायची आणि यात्रेच्या दिवशी आपल्या गावात, महाळुंग्यात, बैलांच्या मिरवणुकीपुढं वाजवायची. प्रितमला सध्या या जगात एवढंच हवं होतं. सांगवीचा साउंडवाला म्हणाला होता, "यात्रेदिवशी सकाळीच घेऊन जा, भावा." तेव्हापासून प्रितमला कंपनीतल्या प्रेसचा दणकासुद्धा गोड लागायला लागला होता.

अडचण एकच होती, मारुतीच्या देवळासमोरचा गतिरोधक. गावानं तो श्रमदानातून बांधला आणि सिमेंट उरलं म्हणून वर आणखी एक थर चढवला. मागच्या यात्रेला प्रितम त्यावरून लहान पेटी घेऊन गेला, तर गाडी मागून अशी घासली की सायलेन्सर तिथंच गळून पडला. पारावरची मंडळी पोट धरून हसली. ते हसू त्याच्या वडिलांच्या, भीमराजांच्या, जिव्हारी लागलं. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "पुढल्या यात्रेला घासली, तर पेटी इकायची." भीमराज शब्दाचे पक्के होते आणि खरी पंचाईत तीच होती.

म्हणून प्रितमनं मागच्या स्प्रिंगा आणि शॉकअप बदलायचं ठरवलं. भोसरीचा मेकॅनिक दादू म्हणाला, "पेटीएवढं वजन डिकीत टाकून आण. त्यावर स्प्रिंग निवडू. रिकाम्या गाडीवर अंदाज नको." पेटी तर अजून सांगवीत. पण ती कांद्याच्या दोन पिशव्यांएवढी भरेल असं साउंडवाला म्हणाला होता, आणि चाकणच्या पट्ट्यात कांद्याला काय तोटा? प्रितमनं वडिलांना दोन पिशव्या डिकीत टाकायला सांगितलं. गॅरेजवर डिकी उघडली, तर आत तीन.

त्यानं फोन लावला. "आबा, दोन सांगितल्या व्हत्या."

"असू दे की एक जास्तीची," म्हणत भीमराजांनी फोन ठेवून दिला.

एक उतरवावी म्हटलं, तर गॅरेजभर ऑइल सांडलेलं, आणि आबांचा कांदा ऑइलात ठेवायची प्रितमची छाती नव्हती. सेकंड शिफ्टही गाठायची होती. आपल्या बापाला दोनपर्यंत मोजता येत नाही, असं पुटपुटत त्यानं तीन पिशव्यांवरच काम उरकून घेतलं. पिशव्या उतरल्यावर गाडी मागून एवढी उचलली गेली की कंपनीच्या गेटवर दोस्तांनी विचारलं, "राव, गाडी कुणाच्या पाया पडतीय?"

यात्रेच्या सकाळी सांगवीत पेटी बसली. गाडी मागून थोडी खाली आली. साउंडवाल्यानं जरा आवाज सोडला, तर समोरच्या टपरीतल्या बरण्या थरथरल्या. प्रितमला आनंद पोटात मावेना. तसाच तो बहिणीच्या दारात गेला. साधना सांगवीतच दिलेली, यात्रेला तिला माहेरी न्यायचं होतं. ती पिशवी घेऊन तयार होती. आणि तिच्यामागं, नवी साडी नेसून, तिच्या सासूबाई सोजराबाई. सोजराबाई म्हणजे अंगानं भारदस्त बाई.

"आम्हालाबी बोलावणं आहे बरं," असं म्हणत त्या मागच्या सीटवर बसल्या आणि गाडी खाली दबली.

प्रितमनं आरशातून मागं बघितलं. स्प्रिंगा, शॉकअप, पेटी, सगळं त्यानं हिशोबात धरलं होतं. माणसं मात्र धरलीच नव्हती. मोशी गेली, चाकणकडचे कंटेनर मागं पडले, तरी त्याच्या डोळ्यांपुढं तो गतिरोधकच. विहीणबाईंना पारासमोर खाली उतरवून चालायला लावलं असतं, तर साधनाला ते जन्मभर ऐकावं लागलं असतं. त्यापेक्षा पेटी गेलेली बरी, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

देऊळ आलं. पार माणसांनी भरलेला. मधोमध भीमराज, टोपी सरळ करून उभे.

"एवढी पेटी आणली आणि मुकीच?" मागून सोजराबाई म्हणाल्या. "वाजव की."

व्हायचं ते होवो, म्हणून प्रितमनं आवाज सोडला. हलगीचा ठेका छातीत घुमायला लागला. पुढची चाकं चढली, उतरली. मग मागची. त्या दणक्यात गाडी घासली की नाही ते त्याला कळेना. पलीकडं जाऊन त्यानं गाडी थांबवली आणि नव्या शर्टासकट गुलालात आडवा होऊन खाली बघितलं. सायलेन्सर जागेवर होता. ओरखडासुद्धा नव्हता.

भीमराज शेजारी येऊन वाकले. "घासली?"

"न्हाई आबा. बोटभर राखून गेली." प्रितमला हसू आवरेना. "दादूचं काम लई भारी."

"दादूचं हायच. पर जास्तीची पिशवी म्या टाकली व्हती."

"कशापायी?"

भीमराजांनी नुसतं मागच्या दाराकडं बघितलं. साधनाचा हात धरून सोजराबाई उतरत होत्या आणि गाडी हळूहळू वर येत होती.

"यात्रेला कोन येनार, ते तुझ्या ध्यानात न्हवतं," ते हळू आवाजात म्हणाले. "बोलावणं म्या धाडलं व्हतं."

"काय म्हणताय हो, व्याहीबुवा?" सोजराबाईंनी पदर सावरत विचारलं.

भीमराज ताठ उभे राहिले. "काय न्हाई. म्हणलं, आवाज जरा वाढव."