जांभईचा गुण

गोळ्या मधेच बंद करायला लावल्या त्या सासूबाईंनीच. "हसतेस, बोलतेस, मग आता डोक्याच्या गोळ्या कशाला?" म्हणाल्या. महिन्याभरात मी पुन्हा अंथरुणाला खिळले. आंघोळीला उठणंसुद्धा जिवावर यायचं. डॉक्टरीणबाईंनी कमी डोसपासून परत सुरुवात केली आणि बजावलं, "थोडे दिवस मळमळेल, जांभया येतील. आपल्या मनानं बंद करायची नाही."

मळमळ बेताचीच. जांभया मात्र अशा, की जबडा निखळतोय की काय वाटावं.

त्यात शेजारची गीतांजली रडणारं तान्हं घेऊन आली. सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून मीठ-मोहरी माझ्या हातात आली. बाळावरून ओवाळताना मला जांभयांवर जांभया. काढणाऱ्याला जांभई आली म्हणजे दृष्ट जबर, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. बाळ दमून झोपलं. झालं! स्मिताच्या हाताला गुण आहे, असा सानपाडाभर बोभाटा.

रांगच लागली. बारावीची मुलगी, नवी नवरी, सोसायटीची सारखी बंद पडणारी लिफ्ट. एपीएमसीत कांद्याचा गाळा असलेल्या हरेशभाईंनी तर नवा टेम्पोच गेटात उभा केला. "भाभी, नीट काढा हां, सगळ्या मार्केटची नजर आहे." टेम्पोला फेरी मारताना मला इतक्या जांभया आल्या, की वॉचमनही जांभया द्यायला लागला. सासूबाई खुर्ची टाकून नंबर लावायच्या. माझ्या आजाराबद्दल चकार शब्द न काढणारी बाई लोकांना "आमची स्मिता" म्हणून सांगत होती. मला संताप यायचा, आणि बरंही वाटायचं. गीतांजली रोज यायची.

मग एका सकाळी मी आपणहून आंघोळ केली, पोह्यांना चव लागली, आणि जांभया बंद. नेमका हरेशभाईंचा दुसरा टेम्पो आला. ओवाळून हात दुखले, तोंड मिटलेलंच. लोक कुजबुजायला लागले.

सासूबाईंनी मला बाजूला ओढलं. "आठवडाभर गोळी सोड. मग परत चालू कर. येतील जांभया."

माझं डोकंच फिरलं. घरात जाऊन गोळी आणली आणि टेम्पोसमोर, सगळ्यांदेखत गिळली. "डिप्रेशनची आहे," म्हटलं. "जांभया हिच्यामुळे येत होत्या. आता मला बरं वाटतंय. दुसरं कोणीतरी शोधा."

सगळे पांगले. सासूबाई खुर्ची ओढत आत गेल्या. गीतांजली तेवढी थांबली, बाळ खांद्यावर गाढ झोपलेलं.

"ताई, त्या डॉक्टरांचा नंबर दे ना," ती म्हणाली. "हा कधीचाच शांत झालाय. रडते ती मी."