अकरापर्यंतचा परवाना

मी टोकन बोलतोय. खरं सांगायचं तर माझी शेवटची सहा अक्षरंच बोलताहेत. बाकीचा मी कधीच गेलो. या सहा अक्षरांनी कुठलंच दार उघडत नाही, पण बोलायला तेवढी पुरतात.

लुशोटोच्या डोंगरातल्या आमच्या रुग्णालयातून खालच्या शहरातल्या रक्तपेढीकडे मागणी जाते ती संगणकावरून. पेढीचा संगणक मोठा कडक. ओळख पटल्याशिवाय तो कोणाला दारात उभं करत नाही. ती ओळख, तो परवाना म्हणजे मी. गुरुवारी सकाळी दहाला जन्मलो आणि कपाळावर लिहून आणलं, अकरापर्यंत. आम्हाला तासाभराचंच आयुष्य देतात, म्हणजे चोराच्या हाती लागलो तरी त्याला फार मजा मारता येत नाही.

पूर्वी इथली प्रोग्रॅमर म्वानाइदी आम्हाला हातानं आणायची, प्रोग्रॅममध्ये चिकटवायची आणि विसरून जायची. तासाभरानं सगळं ठप्प! शेवटी वैतागून तिनं तयार मिळणारी एक लायब्ररी बसवली. पुस्तकांची नव्हे, कोडची. ही बाई शिस्तीची. टोकन आणायचं, जपायचं, त्याची वेळ भरत आली की ते टाकून नवं आणायचं, सगळं तीच बघते. मात्र वेळ कळायला तिला संगणकाचं घड्याळ लागतं, आणि तिथेच घात झाला.

त्या सकाळी वीज गेली होती. दहाला आली, तेव्हा जुन्या संगणकानं वेळ विचारली. नोंदणीचे शेमदोए काका समोर होते. त्यांनी चार वाजलेत असं भरलं. इथे तास उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, दहा म्हणजे चौथा. काकांचं काहीच चुकलं नव्हतं.

मी तासभर इमानेइतबारे राबलो. पेढीच्या घड्याळात अकरा वाजले आणि माझा जीव गेला. लायब्ररीनं घड्याळ पाहिलं, तर पाच! अजून सहा तास आहेत याला, असं समजून ती मला खिशात घेऊन बसली.

तेवढ्यात प्रसूती विभागातली सिस्टर धावत आली.

"म्वानाइदी, हादियाला रक्तस्राव होतोय. ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या माग, लगेच. पेढीचा फोन लागत नाहीये, आणि खालून निघणारी दुपारची गाडी चुकली तर बाई हातची जाईल!"

म्वानाइदीनं मागणी पाठवली. परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत. 'ओळख अमान्य.' मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेढीनं आपल्याला काढूनच टाकलं की काय, म्हणून तिच्या तोंडचं पाणी पळालं. मग तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली.

"काका, हे घड्याळ कोणी लावलं?"

"मीच. का? साडेपाच वाजलेत की!"

"वाजलेत हो! पण या डबड्याला आपले साडेपाच कुठे कळतात? त्याला साडेअकरा सांगावे लागतात!"

"मग त्यानं तसं विचारायचं नाही का?" काका फणकारले, पण लगेच खुर्ची सोडून बाजूला झाले. "बदल पोरी, आधी बदल ते."

घड्याळ बदललं. लायब्ररीनं माझ्या कपाळाकडे पाहिलं, मला टाकलं आणि नवं टोकन आणलं. ते माझ्यापेक्षा तरणंताठं. त्यानं मागणी नेली आणि उत्तर घेऊनच परतलं, मंजूर. बाराच्या गाडीत दोन पिशव्या चढल्या. मला टाकल्याचं वाईट वाटलं नाही. उलट इतकं बरं आयुष्यभरात वाटलं नव्हतं. आयुष्य तासाचंच होतं, तरी.

म्वानाइदीनं तो सगळा घोळ संगणकातल्या नोंदवहीत लिहून ठेवला. त्यातच माझी ही सहा अक्षरं उरली आहेत. माझं तुमच्याकडे एकच मागणं. वेळ भरली की आम्हाला धरून बसू नका. नवं आणणारी शहाणी बाई बसवा आणि तिला वेळ नीट सांगा.

माझ्या खाली त्या दिवशी काकांनी एका बोटानं स्वतः नोंद टाइप केली: 'हादियाला मुलगी. दोघी सुखरूप. वेळ: नववा तास.'

आणि त्याखाली आणखी एक ओळ: 'डबड्यासाठी, दुपारचे तीन.'