मला जपू नका!

मी एक जुना हौद आहे. जुना, पण परवापर्यंत कोरा. मित्रांनो, यातच माझी सगळी नामुष्की आली.

गोठ्यातले शेणमूत ओढ्यात सोडायचे नाही, हौदात साठवून त्याचे खत करायचे, असा सरकारचा नियम आहे. नियम चांगला आहे. लहान शेतकऱ्याला तो पाळता यावा म्हणून सरकार अनुदान देते. त्यातूनच मी गोठ्यामागे जन्मलो. गवंड्याने मला आतून इतके घोटले की मालकीण म्हणाली, "तोंड दिसतंय की यात!"

"आत्ताच बघून घ्या वहिनी," गवंडी हसला. "पुढच्या आठवड्यात नाक धराल."

कसले काय! अनुदानाचा दुसरा हप्ता तपासणीनंतर मिळणार होता. साहेबांना मी आतून मोजायला कोरडा हवा होतो. म्हणून मालकाने माझ्या तोंडाशी फळी ठोकली आणि नाली ओढ्याकडे वळवली. "दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे," म्हणाला. साहेब आलेच नाहीत. पावसाळे आले नि गेले. मालक मला उपसायचा, झाडायचा, पुसायचा. येणारेजाणारे म्हणायचे, "काय चकचकीत हौद!" त्या कौतुकाने माझ्या अंगाची आग व्हायची. शेणपाणी कडेने खळखळत ओढ्याला चालले आहे आणि मी आ वासून बसलो आहे!

ओढ्याच्या खालच्या अंगाला मालकाच्या धाकट्या भावाचा गोठा आहे. परवा त्याची बायको तणतणत आली.

"जाऊबाई, हौद काय शोभेला बांधलाय? तुमचं पाणी पिऊन माझं वासरू हगवणीनं आडवं झालंय!"

मालक पुटपुटला, "साहेब एकदा मोजून गेले की..."

मालकिणीने पहार आणली आणि फळी उचकटली.

"अगं, हप्ता बुडेल!"

"बुडू दे. तुमच्या साहेबांना मोजायचंय ना? पट्टी घेऊन उतरू दे आत!"

पहिला लोंढा अंगावर आला. वास सुटला, माशा घोंगावल्या. मी एकदाचा कामाला लागलो.

वासरू अजून उठलेले नाही. रस्त्यावर गाडी वाजली की साहेब आले की काय म्हणून मालक दारात धावतो, आणि माझाही जीव थाऱ्यावर राहत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, जपू नका. घाण करा मला. आणि मोजायला येणाऱ्यांनो, माझी खोली नंतर मोजा. आधी खाली जाऊन ते वासरू बघा.