कुंडीच्या भोकातले मूळ

मित्रांनो, मी एक जुने, कुंडीतले अंजिराचे झाड आहे. निदान अमेरिकेतल्या मोडेस्टो गावातल्या त्या घरात सगळे मला कुंडीतले समजत. खरे काय ते मला ठाऊक होते, पण मला कोणी विचारले नाही आणि मीही तोंड उघडले नाही.

माझे येणे तसे चोरटेच. देओलिंदाबाई लग्नानंतर तेर्सेइरा बेटावरून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांनी आईच्या परसातल्या अंजिराची वीतभर काडी ओल्या कापडात गुंडाळून पर्समध्ये लपवली. विमानतळावरच्या माणसाने विचारले, "काही झाडंबिडं आणलीत का?" बाई म्हणाल्या, "छे हो!" ती काडी म्हणजे मी. आधी डब्यात, मग बादलीत आणि शेवटी मागच्या अंगणात एका दांडग्या मातीच्या कुंडीत मी वाढले. जमिनीत मात्र बाईंनी मला लावले नाही. "जमिनीत लावलं की ते इथलंच होतं. आम्ही काय, आज ना उद्या परत जाणार," असे त्या म्हणत. त्याला तीस वर्षे झाली आणि कोणीही कुठे गेले नाही.

माझे दिवस मजेचे होते. दर सप्टेंबरला शेजारीपाजारी माझ्याभोवती घिरट्या घालत. बाईंचे पती एर्मीनियो मात्र माझ्यावर जळत. "त्या झाडाला दोन वेळा पाणी, आणि मला एक कॉफी मागायची चोरी!" असे ते रोज सकाळी म्हणायचे.

मग एर्मीनियोंची दूध डेअरीतली नोकरी गेली. घराचे हप्ते थकले आणि दोघांच्या तोंडचे पाणी पळाले. माझे तर खरोखरच पळाले, कारण दोन उन्हाळे मला घोटभर पाणी घालायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही. मोडेस्टोचा जुलै कुंडीत बसून काढून बघा, म्हणजे मला दोष देणार नाही. मी कुंडीच्या भोकातून एक मूळ हळूच खाली सोडले. फरशीच्या फटीतून ते जमिनीत उतरले आणि तिथे त्याला एक गळका पाइप सापडला. मी पुन्हा हिरवेगार झाले. बाई सगळ्यांना सांगू लागल्या, "बघा, नुसत्या मायेवर जगतंय!" मला फार लाज वाटली, पण गप्प बसले.

त्यातच घरांचे भाव कोसळले. कर्ज मोठे आणि घर स्वस्त. शेवटी बँकेने, कर्ज पुरे फिटत नसले तरी येईल त्या किमतीला घर विकायला परवानगी दिली. विक्री बघायला रोशेल नावाची तरुण दलाल आली. तिच्या हातात वस्तूंवर डकवायच्या लाल आणि हिरव्या कागदी चिकट्या होत्या.

"जे सुटं आहे ते तुमचं," ती म्हणाली. "जे स्क्रूने, सिमेंटने नाहीतर मुळाने घराला धरून आहे, ते घराचं."

पडदे हिरवे, पडद्यांचे दांडे लाल. टीव्ही हिरवा, भिंतीतला त्याचा आकडा लाल. एर्मीनियोंनी छताचा पंखा आदल्या दिवशीच काढून पलंगावर ठेवला होता.

"हा बघ, सुटा आहे."

"तुम्ही सोडवलात म्हणून सुटा आहे, काका. परत लावा."

काका कुरकुरत शिडीवर चढले. माझ्या कुंडीवर मात्र हिरवी चिकटी लागली. बाईंनी त्या चिकटीला हात लावून नमस्कार केला. मला तर फरशीखालचे माझे मूळ आठवले.

पुढे गिऱ्हाईक मिळाले, करारावर सह्या झाल्या आणि सात महिन्यांनी, फेब्रुवारीत, सामान हलवायचा दिवस आला. अंगावर पान नाही, अशा अवस्थेत मी उभे. एर्मीनियोंनी हातगाडी लावून जोर केला, कुंडी जागची हलेना. त्यांनी ती तिरकी करून खाली डोकावून पाहिले. तिथे माझे मूळ होते, मनगटाएवढे जाड.

"देओलिंदा! तुझ्या लाडक्यानं आपल्याआधीच नवं घर बघितलंय!"

बाई धावत आल्या. "गद्दार!" त्या मला म्हणाल्या. "तीस वर्षं पोटच्यासारखं वाढवलं ते याच्यासाठी?"

रोशेलने हिरवी चिकटी सोलली आणि लाल लावली. "मला वाईट वाटतंय, काकू. पण घेणाऱ्यांनी फोटोत हे झाड बघितलंय. मूळ तोडून नेलंत आणि त्यांनी तक्रार केली, तर सौदा मोडेल आणि घर लिलावात जाईल."

बाई पायरीवर बसल्या. "माझ्या आईचं एवढंच होतं गं माझ्याजवळ."

मित्रांनो, मूळ आत ओढून घेता आले असते तर मी त्या क्षणी ओढून घेतले असते.

एर्मीनियोंनी चष्मा लावला आणि सात महिन्यांत प्रथमच विक्रीचा करार वाचायला घेतला.

"पोरी, इथं लिहिलंय, ताबा देईपर्यंत अंगण आम्ही नीट राखायचं. यात छाटणी आली ना?"

"आली."

"अंजीर फेब्रुवारीतच छाटतात. आणि हे बघ, सगळा कचरा विकणाऱ्यानं उचलून न्यायचा. छाटलेल्या काड्या म्हणजे काय, घर की कचरा?"

रोशेलने उरलेल्या लाल चिकट्या खिशात घातल्या. "कचराच," ती म्हणाली. "न्यावाच लागेल. नाहीतर मीच तक्रार करीन."

एर्मीनियोंनी माझ्या सात काड्या कापल्या. एवढ्या हळुवारपणे कचरा उचललेला मी जन्मात पाहिला नाही. ज्यांनी मला आयुष्यभर टोमणे मारले, त्यांनीच तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

जाताना बाईंनी माझ्या खोडावर हात ठेवला. मला वाटले, आता पुन्हा शिवी बसणार. पण त्या हळूच म्हणाल्या, "आपल्यात घर राखता आलं ते तुला एकट्याला. नीट राहा हं."

मित्रांनो, नवे लोक चांगले आहेत, मला पाणीही घालतात. तरी तुम्हाला हात जोडून सांगते. घरात कितीही संकट असो, कुंडीतल्या झाडाला विसरू नका. आणि कोणाचे घर विकत घ्याल, तर तिथल्या झाडावर कोणाचा जीव होता, एवढे एकदा विचारून ठेवा.