आधी आमच्याकडे जेवायचं

राष्ट्राध्यक्ष येतात, राष्ट्राध्यक्ष जातात, चादरी मीच धुते. सरोवराच्या काठावर त्यांचा जो उन्हाळी बंगला आहे त्याला आमच्या गावात सगळे नुसतं 'दाचा' म्हणतात, आणि तिथल्या कपड्यांची, अंथरुणा-पांघरुणांची खोली माझ्या ताब्यात आहे. कोण कसा झोपतो हे मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक. एक साहेब उशीखाली पिस्तूल ठेवायचा. दुसऱ्याला पलंग चालायचा नाही, खाली गाद्या घालून ढाराढूर घोरायचा. तिसऱ्यानं भीतीपोटी खिडक्यांना काळ्या काचा बसवल्या आणि स्वतःच्या हातानं समोरचं सरोवर घालवून बसला. मला यांची कधी भीती वाटली नाही. ज्याचे पायजमे आपण दोरीवर वाळत घालतो त्याची कसली आलीय भीती!

आणि खरं सांगायचं तर दाचा आमच्या जागेवर उभा आहे. तिथं माझ्या सासऱ्यांची जर्दाळूची बाग होती. पक्षाचा कोणी बडा पुढारी पोहायला आला, त्याला ती जागा आवडली, संपलं! सासऱ्यांना छातीवर लावायला एक बिल्ला मिळाला. बाग गेली, पण बागेच्या कडेची घरं राहिली, तीच आमची आळी. पुढं पक्ष गेला, लाल झेंडा गेला, बंगल्यात राष्ट्राध्यक्ष राहायला लागले, आणि बागेच्या नि आमच्या मधे भिंत आली. राजधानीत लोक उठले तेव्हा इथली पोरंही फाटकावरून आत घुसली होती. झुंबर नेलं, खुर्च्या नेल्या, एकानं तर संडासाचं भांडं खांद्यावर टाकून नेलं. मी माझ्या खोलीच्या दारात गरम इस्त्री घेऊन उभी राहिले आणि म्हटलं, "या की, कपाळावर कोणाला घडी पाडून हवीय?" एक टॉवेल गेला नाही.

तर असा हा दाचा. या वसंतात नवे राष्ट्राध्यक्ष निवडून आले आणि आईला घेऊन राहायला आले. आणि त्याच आठवड्यात त्यांच्या सुरक्षेचा मेजर शेरनियाज हातात रंगाचा डबा घेऊन आमच्या आळीत आला. सातही घरांच्या फाटकांवर त्यानं लाल फुल्या मारल्या.

"एजे," मला म्हणाला. वयानं मोठ्या बाईला आमच्यात असंच म्हणतात, तेवढी रीत त्याला होती. "भिंत पुढं सरकवायची आहे. थंडीच्या आत घरं रिकामी करा. डोंगरापलीकडे जागा मिळेल."

"डोंगरापलीकडे? तिथं दगड आणि वारा सोडून आहे काय?"

"हवा चांगली आहे," तो म्हणाला. मेल्याला लाज नाही.

माझा नवरा जुमाश फाटकाशी उभा राहून त्या ओल्या रंगाकडे नुसता बघत होता. ते फाटक त्यानं स्वतः बनवलंय, घराची एकूण एक तुळईही त्यानंच रंधली. आणि आमच्या थोरल्याला आम्ही याच अंगणातून शेवटचं उचललं. ते अंगण टाकून मी कुठं जाऊ? पण रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. भाकरीचं पीठ मळता मळता माझ्या डोक्यात आलं की या लोकांना आपण ओरुलुक दिलेलाच नाही!

नवं बिऱ्हाड शेजारी आलं की जुन्यांनी त्याला आपल्या घरी बोलावून आधी जेवू घालायचं, हा ओरुलुक. घोड्यावर तंबू लादून हिंडणाऱ्या आमच्या वाडवडलांपासून चालत आलंय. तो जेवला की शेजारी झाला. शेजाऱ्याशी भांडता येतं, त्याच्या शेळ्या हाकलता येतात, पण त्याची चूल मोडता येत नाही. एवढे राष्ट्राध्यक्ष येऊन गेले, आम्ही एकालाही बोलावलं नव्हतं. भिंत बघितली आणि गप्प बसलो. चूक आमचीच.

दुसऱ्या दिवशी मी मेजरला म्हटलं, "साहेबांना आणि त्यांच्या आईला आळीचं आमंत्रण सांगा. शुक्रवारी दुपारी ओरुलुक."

तो हसला. "एजे, साहेब बाहेरचं खात नाहीत. प्रत्येक घासाची तपासणी होते."

"मग तपासणाऱ्यालाही घेऊन या. त्यालाही पोट असेलच की."

संध्याकाळी तो परत आला, चेहरा कसा फुललेला. "साहेबांना तुमची कल्पना फार आवडली. तेच तुम्हाला बोलावतायत! शुक्रवारी दुपारी, दाचाच्या हिरवळीवर, सगळी आळी. टीव्हीवालेही येणार आहेत."

आळीत आनंदीआनंद. शेजारच्या आसानगुलनं तर पेटीतला सूट बाहेर काढला. मी म्हटलं, "कोणी जायचं नाही."

"डोकं फिरलंय का तुझं?" आसानगुल ओरडला. "राष्ट्राध्यक्षाच्या घरचं मटण, तेही फुकट, आणि तू नको म्हणतेस?"

"खा की! खाऊन ढेकर दे आणि मग उठून सरळ डोंगरापलीकडे चालायला लाग. अरे, त्यांनी आपल्याला आधी वाढलं म्हणजे घरवाले ते आणि पाहुणे आपण. पाहुण्यानं काय करायचं असतं?"

शेवटी सगळे बुरमाकान आपाकडे बघायला लागले. आमच्या आळीतली सगळ्यात म्हातारी बाई ती. दात नाहीत, पण तिच्या शब्दाला अजून धार आहे.

"पाहुण्यानं उठायचं असतं," बुरमाकान आपा म्हणाली. "उरकुया बरोबर बोलतेय. आसानगुल, सूट ठेव आणि मेंढी बघ."

आता खरी गोष्ट होती ती राष्ट्राध्यक्षांच्या आईची. काल्बुबु आपा तिचं नाव, वरच्या कुरणांवरची बाई, मुलानं हट्टानं दाचात आणून ठेवलेली. शुक्रवारी सकाळी मी तिचं अंथरूण बदलायला गेले तर ती खिडकीशी बसून चहा पीत होती, तोंड कडू करून.

"आपा," मी म्हटलं, "आज आमच्या आळीत तुमचा ओरुलुक आहे. दुपारी कढई चढतेय."

तिनं कप खाली ठेवला. "मला कोणी कसं सांगितलं नाही? मला म्हणाले, आपणच लोकांना हिरवळीवर वाढणार आहोत."

"आम्ही आधी बोलावलं. तुमच्याकडून उलटं आमंत्रण आलं."

"काय?" तिनं स्वतःच्या मांडीवर फाडकन चापट मारली. "नवा आलेला जुन्यांना आधी वाढतो? माझ्या पोटी हा जन्मला आणि त्याला एवढं कळू नये? जेवायला कधी येऊ?"

"कढईचा वास आला की या," मी म्हटलं. घरं पाडण्याचं मी एका शब्दानं बोलले नाही. जेवणाच्या आमंत्रणाला तक्रार चिकटवायची नसते, तेवढं मला कळतं.

आम्ही चूल मांडली ती आळीच्या मधोमध, त्यांच्या भिंतीला अगदी खेटून. मेंढी उकळत होती, बायका कढईत कणकेचे बोरसोक तळत होत्या, पुरीसारखे टम्म फुगलेले, आणि तो वास भिंत ओलांडून सरळ आत जात होता. त्या वासाला कसली तपासणी! पलीकडे हिरवळीवर पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, कॅमेरे, वाढपी, सगळं तयार. पाहुणा एक नाही.

आणि मग फाटक उघडलं. काल्बुबु आपा पांढरा रुमाल डोक्याला बांधून, काठी टेकत, एकटी बाहेर आली. दोन पहारेकरी मागं धावले. ती थांबली, काठी उचलली आणि म्हणाली, "मला धरून आत न्यायची हिंमत आहे का?" त्यांची नव्हती.

आळीत शिरताना तिनं फाटकांवरच्या फुल्या बघितल्या. "हे काय ग? लग्न आहे का कुणाचं?"

"घरं पाडायची खूण आहे, आपा," जुमाश म्हणाला. दिवसभरात त्यानं उच्चारलेलं हे पहिलं वाक्य.

"सातही?"

"सातही."

ती सरळ आमच्या घरात आली. मानाच्या जागी, दाराकडे तोंड करून बसली. मटण आलं. आता आमच्यात प्रत्येक हाडाला मालक असतो. शेपटीकडचा भरीव तुकडा जमलेल्यांतल्या सगळ्यात मोठ्या बाईचा. तो हातात धरून मी उभी. सगळे माझ्याकडे बघतायत. आसानगुल डोळ्यांनी खुणावतोय, तिला दे, तिला दे, आईये ती राष्ट्राध्यक्षांची!

मी विचारलं, "आपा, तुमचं साल कुठलं?" आमच्यात बारा वर्षांना बारा जनावरांची नावं असतात, त्यावरून वय कळतं.

"मेंढीचं," काल्बुबु आपा म्हणाली.

"आमच्या बुरमाकान आपाचं सापाचं. दोन वर्षांनी मोठी." आणि मी तो तुकडा बुरमाकान आपाच्या ताटात ठेवला.

आसानगुलनं कपाळावर हात मारला. पण काल्बुबु आपा खो खो हसत सुटली. "बरं केलंस बाई! तिकडं मला उठता-बसता सगळ्यांपेक्षा मोठी करतात. जीव उबगलाय माझा."

आता हात धुवायचे तेवढ्यात दारात गलका झाला. राष्ट्राध्यक्ष स्वतः आले होते. टाय, चकचकीत बूट आणि रागानं लाल झालेला चेहरा. मागं मेजर शेरनियाज.

"आई, हे काय चाललंय? तिकडे सगळे खोळंबलेत. चल."

"दोलोत," ती म्हणाली, मान वर न करता, "घरात आल्यावर आधी काय करायचं असतं?"

राष्ट्राध्यक्ष थांबले. मग त्यांनी सगळ्यांना सलाम केला. बूट काढले. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, मी लगेच बघितलं, उद्या रफू करायला हवं.

"इथल्या पुरुषांत सगळ्यात लहान कोण?" म्हातारीनं विचारलं.

जुमाश पासष्टीचा, आसानगुल साठीचा, बाकी सगळे तसेच. सगळ्यांचे डोळे राष्ट्राध्यक्षांकडे वळले. जेवणाआधी सगळ्यांच्या हातावर पाणी घालायचं काम लहानाचं असतं, आणि हात अजून कोणी धुतले नव्हते. मेजर पटकन पुढं सरसावला. "मी घालतो, साहेब, मी लहान आहे."

"तू जेवणार आहेस का आमच्यात?" काल्बुबु आपानं विचारलं.

"नाही आपा, मी ड्युटीवर."

"मग बाजूला हो."

राष्ट्राध्यक्षांनी कोट काढला, खांद्यावर टॉवेल टाकला, तोटीचा तांब्या उचलला आणि बुरमाकान आपापासून सुरुवात केली. काही म्हणा, हात सराईत होता. धार बारीक, एक थेंब बाहेर नाही. गरिबाघरी वाढलेल्या पोराचा हात तो. माझ्या हातावर पाणी घालताना हळूच म्हणाले, "तुम्हीच ना आमच्या कपड्यांच्या खोलीतल्या?" मी म्हटलं, "इथं मी तुमची शेजारीण." ते जरा हसले, बसले आणि जेवले. असे जेवले की बस्स! मधेच आईच्या ताटातली चरबी उचलून तोंडात टाकली, लहानपणी टाकत असतील तशी.

जेवण झालं. आता पाहुण्यांतल्या मोठ्यानं घराला दुवा द्यायची. काल्बुबु आपानं दोन्ही तळवे वर उघडले. आम्ही सगळ्यांनी उघडले. राष्ट्राध्यक्षांनीही उघडले. सवयच असते ती, हात आपोआप वर येतात. आणि दुवेवर 'ओमीन' म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवला की ती दुवा तुम्ही मान्य केली. मग ती मोडायची नाही.

"या घरातलं मीठ गोड लागलं," म्हातारी म्हणाली. "या घरातल्या पोरांना आयुष्य लाभो. गुरांना चारा मिळो. या सात चुलींचा धूर कधी तुटू नये. दारावरच्या लाल खुणा ज्या हातानं काढल्या त्याच हातानं पुसल्या जावोत. माझा मुलगा पलीकडे जितके दिवस राहील तितके दिवस यांचा शेजारी म्हणून राहो, आणि तो गेल्यावरही ही घरं उभी असोत. ओमीन."

"ओमीन," आम्ही म्हणालो. सगळ्यांचे हात चेहऱ्यावरून फिरले.

त्यांचे फिरले नाहीत. दोन्ही तळवे तसेच हवेत. जुमाशनं माझा हात घट्ट धरला होता, लग्नानंतर चारचौघांत त्यानं कधी धरला नव्हता.

"आई," ते हळू आवाजात म्हणाले, "हा सुरक्षेचा प्रश्न आहे. तुला यातलं कळत नाही."

"नसेल कळत. हात खाली घेऊ नकोस, दुवा सांडेल."

"आई, सही झालीय माझी."

"आणि माझी दुवा झालीय."

पन्नाशीचा तो माणूस, देशाचा मालक, गुडघ्यांवर बसून आईकडे बघत होता. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, दातातला मटणाचा तुकडा काढत होती. मग त्याची नजर फिरली. बुरमाकान आपावर, आसानगुलवर, जुमाशनं धरलेल्या माझ्या हातावर. माझ्या डोळ्यांत बघून त्यानं विचारलं, "एजे, या घरात किती वर्षं झाली तुम्हाला?"

"नवरी होऊन आले तेव्हापासून," मी म्हटलं. "आमचा थोरला इथूनच गेला."

त्यानं डोळे मिटले. "ओमीन," म्हणाला आणि दोन्ही तळवे कपाळापासून हनुवटीपर्यंत खाली ओढले. दारात उभ्या मेजर शेरनियाजचेही हात वर होते. त्यानंही ते चेहऱ्यावरून फिरवले.

मला हुंदका आवरेना. मी सगळ्यांसमोर, डोक्यावरच्या रुमालाची पर्वा न करता, मोठ्यानं रडले.

"रडतेस काय ग?" काल्बुबु आपा खेकसली. "घर तुझं आहे ना? मग पाहुण्यांना चहा कोण आणणार?"