आईच्या हातच्या उशा

रिझिकीने चौथी उशी पलंगाखाली ढकलली आणि डोळे मिटून पडून राहिली. ढकलायलासुद्धा पोटातून जोर लागतो हे ऑपरेशन होईपर्यंत तिला ठाऊक नव्हतं. हसणं, खोकणं, कूस बदलणं, उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला उचलणं, सगळ्याची मुळं त्या टाक्यांत जाऊन रुतलेली होती. शेजारी लेक भुकेने हातपाय झाडत होती. तिला छातीशी घ्यावं तर भार नेमका टाक्यांवर यायचा. वळून पाजावं तर पोट सगळं एका अंगाला ओघळल्यासारखं व्हायचं.

दारात आई उभी होती, हातात पाचवी उशी घेऊन.

"ही बघ," तिची आई, बी हिदाया, म्हणाली. "नवा कापूस आहे हिच्यात. सकाळीच भरली. कुशीशी घे आणि बाळाला तिच्यावर निजव, म्हणजे पोटावर भार येणार नाही."

"तूच लावून दे ना."

"मला काय कळणार कुठं दुखतं ते? तुझं तुलाच कळायचं." तिने हात लांब करून, अनोळखी कुत्र्यापुढे भाकरी ठेवावी तशी, उशी पलंगाच्या कडेला ठेवली. "पेज उतू जाईल तिकडे," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

पेज कसली उतू जाते? चुलीचा धूरही येत नव्हता. रिझिकीने ओठ आवळले आणि उशी स्वतःच ओढून घेतली.

टांगा शहरातल्या दवाखान्यातून ती माहेरी, पांगानी गावी आली तेव्हापासून हे असंच चाललं होतं. बाळंतिणीने चाळीस दिवस आईपाशी राहायचं, आईने तिला तेल लावायचं, पोट शेकायचं, न्हाऊ घालायचं, ही इथली रीत. तिचं पोट वाढत होतं तसतशी रिझिकीला या हातांचीच ओढ लागली होती. आणि हात तर इथेच होते, दिवसभर राबत होते. आई नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, खसाखसा तेल चोळायची, तिच्या टाळूवर ओठ टेकायची. पण लेकीपाशी आली की तेच हात पाठीमागे जायचे. बाळ द्यायचं झालं तरी ती आधी ते उशीवर ठेवायची आणि मग उशी पुढे करायची. जिला परसातली मांजरही मांडीवर चालायची, तिला पोटच्या पोरीचं बोट लागलेलं चालेना.

उशा मात्र येत राहिल्या. नवऱ्याने, हमादीने, टांग्याहून फोमची उशी पाठवली होती. तिला प्लास्टिकचा वास यायचा आणि बाळ तिच्यात रुतून बसायचं. नारळाच्या काथ्याची होती ती पाठीला बरी वाटायची, पण घटकाभरात खांदे टोचून काढायची. जुन्या सावरीच्या कापसाच्या दोन्ही उशांत गोळे झाले होते. आणि ही नव्या कापसाची, आता आलेली, इतकी फुगलेली की दाबली तर हाताखालून निसटून पळायची. परसात सावरीचं झाड होतं, बोंडं नुकती फुटत होती. आई दिवसभर बोंडं सोलायची, कापूस पिंजायची, शिवायची, पुन्हा उसवायची. तिला वेड लागलंय असं रिझिकीला वाटायला लागलं होतं.

तिला स्वतःलाही धड वाटत नव्हतं, ते मात्र ती कुणाला सांगत नव्हती. ही खोली सिवेमाची होती. चार वर्षांपूर्वी याच पलंगावर तिची थोरली बहीण, अशीच पोट कापून बाळंत झालेली, तापात गेली. तिच्यामागोमाग तिचं बाळही गेलं. तेव्हा पलंग खिडकीखाली असायचा. रिझिकी यायच्या आधी आईने तो ओढून समोरच्या भिंतीला लावला. पण फरशीवर पलंगाच्या चार पायांच्या फिकट खुणा राहिल्याच. बाळ बघायला येणाऱ्या बायका आत शिरल्या की आधी खिडकीखाली बघायच्या, चपापायच्या, मग इकडे वळून हसायच्या. आईचंही तेच. ताट घेऊन आली की दोन पावलं तिकडे टाकायची, मग थांबायची. जणू तिथे कुणी आधीपासून निजलेलं आहे आणि रिझिकी नंतर आलेली.

दुपारी समुद्राचा वारा सुटला की रिझिकीला त्या बाजूने कुणी कूस बदलल्याचं ऐकू यायचं. आधी श्वास रोखल्याची शांतता, मग हळूच करकर, मग सोडलेला श्वास. पोटाला टाके असलेली बाईच अशी वळते. ती डोळे उघडायची नाही. या खोलीत आपण दोघी बरं होतोय, आणि आई सगळी सेवा तिचीच करतेय, असं तिच्या मनात येई आणि अंगावर सरसरून काटा यायचा. भीती मरणाची नव्हती तितकी. आई आपल्याकडे गेलेल्या माणसाकडे बघावं तशी बघते, याची होती.

ऊन कलल्यावर बी मोसी आली. रिझिकीची सोमो ती. वयात आली तेव्हा बाईपणाच्या चार गोष्टी हिनेच शिकवलेल्या, त्यामुळे तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. एका हातात ऑक्टोपसच्या रश्श्याचा डबा, दुसऱ्या हातात वाफाळत्या पाण्याचं पातेलं, खांद्यावर फडकं.

"हे काय गं? उशांचं दुकान थाटलंय की काय?" ती पलंगाखाली वाकून म्हणाली. "बाजारात बसव तुझ्या आईला. नवरदेव रांग लावतील."

"हसवू नका हो, सोमो. टाके ओढतात."

"ओढू देत. हसणारी बाळंतीण लवकर उठते. चल, जरा शेकते तुला. नाहीतर पोट राहील असंच, भाताच्या हंडीसारखं."

"मोसी." आई दारात होती. कधी आली ते दोघींनाही कळलं नव्हतं. "ते पाणी बाहेर ने."

"अगं, टाक्यांना नाही लावत मी. नुसती कंबर..."

"माझ्या घरात ते पाणी नको." ती पुढे आली, फडकंही न घेता तापलं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि बाहेर गेली. परसात पाणी ओतल्याचा आवाज आला.

बी मोसी पलंगाच्या कडेला बसली. तिचा थट्टेचा सूर उतरला होता.

"दुधाने तोंड पोळलंय तिचं," ती म्हणाली. "आता ताकही फुंकून पिणार. तुला कुणी सांगितलं नाही ना?"

"काय?"

"सिवेमाचं. तू तेव्हा टांग्याला होतीस, मातीलाच आलीस. अगं, पाणी मी तापवलं होतं आणि हात तुझ्या आईचे होते. आपल्यात पोट शेकतात, दाबतात, करकचून बांधतात. तुझ्या आजीने केलं, तिच्या आईने केलं. निम्म्या गावाची पोटं तुझ्या आईच्या हाताखालून गेलीत. पण कापलेल्या पोटाला हे चालत नाही, ते आम्हाला कुणी सांगितलं? आमच्या वेळी पोट कापलेली बाई घरी परतायचीच नाही. सिवेमा ओरडली. आम्ही म्हटलं, सगळ्याच ओरडतात. मग ताप भरला."

रिझिकीचा हात नकळत टाक्यांवर गेला होता.

"म्हणजे त्यानेच..."

"नर्स म्हणाली, विष आधीच भिनलं होतं रक्तात, शेकाचा काही संबंध नाही. खरं सांगितलं की हिदायाचं मन राखलं, देव जाणे. मी आपलं मानून घेतलं. मला झोप लागते. तुझ्या आईने तेव्हापासून कुणा बाईच्या पोटाला बोट लावलेलं नाही. रात्री सिवेमाची उशी पोटाशी धरून पडते. तिला कधी ऊन दाखवत नाही, अभ्रा घालत नाही." बी मोसीने डोळे पुसले आणि रश्श्याचा डबा उघडला. "घे. गरम आहे तोवर पी. दूध येईल."

ती गेल्यावर आई आली. दारातच थांबली. तळहात लाल झाले होते, ते तिने अंगाभोवती गुंडाळलेल्या कांग्याच्या पदरात लपवले.

"नवी उशी बरी वाटते का? नाहीतर थोडा कापूस काढते हिच्यातला."

"नको. मला तुझ्या पलंगावरची दे."

"ती नाही."

"का?"

"मेलेल्या माणसाची उशी उसवल्याशिवाय जिवंताला देऊ नये. माझी आई सांगायची."

"मग उसव." आपला आवाज इतका चढेल असं रिझिकीला वाटलं नव्हतं. बाळ दचकलं. "तू मला हात लावत नाहीस. नको लावू. मोसीने सांगितलंय मला सगळं. पण आई, तिच्यासाठी काय काय राखून ठेवणार आहेस तू? खिडकी तिची, ताट आधी तिच्याकडे, कुशीतली जागा तिची. मला दुखतंय. दुखतंय म्हणजे मी जिवंतच आहे ना?"

आई तोंड फिरवून निघून गेली. बोलले ते बोलले, पण नको होतं बोलायला, असं रिझिकीला वाटत राहिलं. तिने कशीबशी कूस बदलून बाळाला जवळ ओढलं. उशी पुन्हा निसटली, तशी तिने तीही खाली टाकली.

बऱ्याच वेळाने आई आली ती उशी आणि कात्री घेऊन. खिडकीखाली, त्या चार खुणांच्या मधोमध, फरशीवर बसली. उशीवर तेलाचे काळपट डाग होते. तिने शिवण शोधली आणि एकेक टाका कापायला सुरुवात केली. टाके बारीक होते, तिचेच होते. आत कापूस असा उरलाच नव्हता. सगळ्याचा मिळून एक घट्ट लगदा झाला होता आणि त्याच्या मध्ये डोक्याएवढा खळगा पडला होता. आईने त्या खळग्यात हात ठेवला. ठेवून बसली. मग तिने लगदा फाडला.

"हिला उजवी कूस लागायची," ती म्हणाली.

चार वर्षांत आई सिवेमाविषयी एवढंही बोलली नव्हती.

"आणि मला डावी."

"ठाऊक आहे मला. पाठीला पाठ लावून झोपायचात आणि उशीवरनं भांडायचात." ती कापूस बोटांनी सोडवत होती, टोपलीतला नवा त्यात मिसळत होती. "जुना थोडा हवाच. नुसता नवा ठरत नाही."

वारा आत आला. कापूस उडाला, उन्हाच्या तिरिपेत वर चढला, खोलीभर झाला. बाळाच्या जावळावर बसला, आईच्या भुवयांवर बसला. रिझिकीच्या नाकात काहीतरी हुळहुळलं आणि पुढच्याच क्षणी काय होणार ते कळून तिच्या जिवाचं पाणी झालं. शिंक. ऑपरेशननंतरची पहिली. तिने पोटाशी धरायला उशी चाचपली. पाचही उशा खाली पडल्या होत्या.

"आई..."

आई कधी उठली, कशी आली, तिलाही सांगता आलं नसतं. दोन तळहात रिझिकीच्या टाक्यांवर सपाट पडले आणि नेमके दाबले गेले. फार नाही, कमी नाही. शिंक आली. सगळं अंग हादरलं, पण पोट त्या हातांनी जागच्या जागी धरून ठेवलं. कळ उठली, आणि हातांखालीच विरली.

आईने डोळे गच्च मिटले होते. ओठ कसलीतरी दुआ पुटपुटत होते. हात भाजल्यामुळे कढत लागत होते, बोटांना कापूस चिकटला होता. मग तिने डोळे उघडले, स्वतःचे हात कुठे आहेत ते बघितलं आणि ती घाबरली.

"आणखी येतेय का?" तिने विचारलं. हात उचलायच्या बेतात होते.

रिझिकीचं नाक केव्हाच मोकळं झालं होतं.

"येतेय," ती म्हणाली. "जरा थांब."